पालखीचा मान : भिंगार ते क्योतो

नवरात्रातल्या तिसऱ्या माळेला भिंगारशेजारच्या बुऱ्हाणनगरात तुळजाभवानीची यात्रा भरते. देवीचे मूळ ठाणे तुळजापूर इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास दूर. तरी दसऱ्याच्या पहाटे तुळजापुरात देवी सीमोल्लंघनाला निघते ती बुऱ्हाणनगरहून गेलेल्या पालखीत. सीमोल्लंघनानंतर ती ज्या पलंगावर निद्रा घेते, तो पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तयार होतो आणि जुन्नरकडून मजल दरमजल करत नगरला येतो. पालखीचे मानकरी वेगळे, पलंगाचे वेगळे. दोघांच्या वाटाही वेगळ्या. त्या वाटा एकत्र येतात भिंगारात. पालखी आणि पलंगाची भेट होते, गुलाल आणि कुंकू उधळले जाते, ‘आई राजा उदो उदो’चा गजर होतो आणि तुळजापूरची पुढची वाट सुरू होते.

एका देवीसाठी दोन जिल्ह्यांतली गावे दरवर्षी लाकूड तासतात आणि तिसऱ्या जिल्ह्यात पोचवतात. हे काम कुणा एका संस्थेच्या हुकमावर चालत नाही. ते चालते मानावर. कुणी घडवायचे, कुणी उचलायचे, कुणाच्या दारात टेकवायचे, कुणी पुढे चालायचे, हे सगळे मानाने ठरलेले. आपल्याकडचे सण टिकले ते देवळांच्या दगडांमुळे की या वाटून दिलेल्या मानामुळे, असा प्रश्न भिंगारच्या या भेटीपाशी पडतो. आणि त्याचे उत्तर शोधताना थेट जपानपर्यंत जावे लागते, कारण तिथल्या उन्हाळी उत्सवांचा सगळा डोलारा अशाच मानावर उभा आहे.

भिंगार हे गाव नगर शहराहून जुने. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने बेसावध बहामनी फौजेवर छापा घालून जी लढाई जिंकली, ती याच परिसरात. विजयाच्या जागी त्याने बाग केली, १४९४ मध्ये शहराचा पाया घातला आणि अहमदनगर उभे राहिले. (त्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले.) शहर वसल्यावर थोड्याच काळात लुगडी आणि पागोटी विणण्याचा हातमागाचा धंदा या भागात आला आणि त्याने पहिले ठाणे धरले ते भिंगारात, अशी आठवण इंग्रजी अमदानीतल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरने नोंदवून ठेवली आहे. पुढे औरंगजेबाचा शेवटचा मुक्कामही इथलाच. १७०६ च्या जानेवारीत तो थकून नगरला परतला आणि ३ मार्च १७०७ रोजी भिंगारच्या छावणीत त्याचा अंत झाला. ती जागा आजही आलमगीर या नावाने ओळखली जाते. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि त्यानंतर इंग्रजांचीही छावणी इथेच पडली. आज भारतीय सैन्याच्या रणगाडा दलाचे केंद्र आणि शाळा याच भागात आहे. फौजा येत राहिल्या, मुक्काम हलत राहिले. पाथर्डीची आणि जामखेडची वाट भिंगारच्या अंगाने फुटत असल्यामुळे लष्कर असो वा देवाची पालखी, दोघांनाही हे गाव टाळता आले नाही.

बुऱ्हाणनगरला हा मान कसा मिळाला, याची कथा नगर परिसरात घरोघर ठाऊक आहे. जनकोजी देवकर हा तेली समाजाचा भक्त. देवी लहान मुलीच्या रूपात त्याच्या दारी आली आणि त्याने तिला लेकीसारखे सांभाळले. एके दिवशी ती निघून गेली. तिचा शोध घेत तो तुळजापूरला पोचला तेव्हा देवीने त्याला ओळख पटवली आणि आपल्या पालखीचा मान त्याच्या घराला दिला. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण त्यातला भाव एकच राहतो : बुऱ्हाणनगर हे देवीचे माहेर. सणाला लेकीकडे माहेरहून काहीतरी गेलेच पाहिजे, ही रीत प्रत्येक मराठी घराला कळते. म्हणून पालखी जाते. जनकोजीच्या वंशातले भगत घराणे आजही या सेवेत आहे.

पालखीचे लाकूडकाम राहुरीत होते. तिथून ती गावोगाव थांबत बुऱ्हाणनगरला येते. वाटेवरच्या प्रत्येक गावाला तिच्यात काही ना काही वाटा आहे. कुठे तिची पूजा होते, कुठे मानकऱ्यांना जेवण असते, कुठे खांदा बदलला जातो. घोडेगावचा पलंगही असाच. त्याचे सेवेकरी पिढ्यान् पिढ्या ठरलेले, त्याचे मुक्काम ठरलेले, नगर शहरात त्याचे स्वतःचे ठिकाण. लाकूड तासणारा सुतार, तेली, भगत, वाटेवरच्या गावचे पाटील आणि खांदा देणारे असे कितीतरी हात या दोन वस्तूंना लागलेले असतात.

तुळजापुरात पुढे जे घडते ते महाराष्ट्रातल्या इतर देवस्थानांत सहसा दिसत नाही. तिथली भवानीची मूर्ती चल आहे. उत्सवमूर्ती वेगळी ठेवून मूळ मूर्ती गाभाऱ्यातच राखण्याची रीत बहुतेक ठिकाणी असते. इथे खुद्द मूळ मूर्तीच सिंहासनावरून उतरते. नवरात्राच्या आधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून ती घोरनिद्रेत असते आणि घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर बसते. विजयादशमीच्या पहाटे तिला साड्यांचे दिंड गुंडाळतात, १०८ साड्यांचे असे सांगतात. मग माहेरच्या पालखीतून ती मंदिराला प्रदक्षिणा घालते आणि पिंपळाच्या पारावर टेकते. कुंकवाच्या उधळणीत माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. सीमोल्लंघन झाले की घोडेगावच्या पलंगावर तिची श्रमनिद्रा सुरू होते, ती अश्विन पौर्णिमेपर्यंत. एवढ्या लांबून आलेले हे लाकूड पुढच्या वर्षी वापरायचे नसते. वापरून झालेले लाकूड परंपरेने होमाच्या अग्नीला जाते आणि भाद्रपद आला की राहुरीत आणि घोडेगावात पुन्हा पहिल्यापासून कामाला लागावे लागते.

वरवर पाहता ही उधळपट्टी वाटेल. खरे तर सगळी युक्ती यातच आहे. पालखी एकदाच घडवून चांदीने मढवून तुळजापुरात ठेवली असती, तर राहुरीच्या सुताराचे काम तिथेच संपले असते आणि वाटेवरच्या गावांचेही. दरवर्षी नवी करावी लागते म्हणून दरवर्षी सगळ्यांना एकत्र यावे लागते.

आता जुलैतल्या क्योतोकडे वळू. जपानी लोक उत्सवाला मात्सुरी म्हणतात आणि त्यातला सर्वांत गाजलेला उन्हाळी उत्सव म्हणजे क्योतोचा गिओन मात्सुरी. तो सगळा जुलै महिना चालतो. त्याचा उगम आनंदात नाही, भयात आहे. डोंगरांनी वेढलेल्या या शहरात उन्हाळा दमट आणि जीवघेणा. पावसात नद्या फुगत, विहिरी दूषित होत, आणि साथी पसरत. अन्यायाने मेलेल्या माणसांचे संतप्त आत्मे साथ आणतात, अशी त्या काळची श्रद्धा. इ. स. ८६९ मध्ये, ज्या वर्षी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर मोठा भूकंप आणि त्सुनामीही आली, त्या वर्षी रोग शांत व्हावा म्हणून राज्यातल्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून दरबाराने पूजा केली. त्या पूजेपासून गिओनची परंपरा मोजतात. ज्या देवाची ती पूजा, तो गोझू तेन्नो हा श्रावस्तीच्या जेतवन विहाराचा रक्षक मानला जाई. गिओन हे नाव त्या जेतवनाच्याच जपानी रूपातून आलेले. १८६८ नंतर सरकारने बौद्ध आणि शिंतो देवस्थाने वेगळी केली, तेव्हा गिओनच्या देवळाचे यासाका असे नामकरण झाले.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. पटकी आली की मरीआईचा गाडा निघत असे, ही गोष्ट नगर, सोलापूर, बीडच्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेली आहे. लहानशा गाड्यात देवीची प्रतिमा, हिरवा खण, बांगड्या, लिंबे आणि नैवेद्य ठेवायचा, हलगी वाजवत तो शिवेपर्यंत ओढत न्यायचा आणि तिथून पुढच्या गावच्या हवाली करायचा. पुढचे गाव तो आपल्या शिवेबाहेर काढी. अशी साथ गावागावांतून ‘बाहेर’ जाई. आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या लोककथा-लोकाचारांवरील ग्रंथात या गाड्याची नोंद घेतली. आषाढात मरीआई, लक्ष्मीआई, म्हसोबा यांना नैवेद्य दाखवायची रीत आजही गावोगाव पाळली जाते. पोतराजाचा आसूड आणि देवीचा देव्हारा त्याच भयाची आठवण धरून आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा गावेच्या गावे घरे सोडून माळरानावर झोपड्या बांधून राहिली. साथीपुढे माणूस हतबल होता तेव्हा त्याच्या हातात दोनच गोष्टी होत्या : देवाला वाहनात बसवणे आणि शिवेपर्यंत पोचवणे. क्योतो आणि दख्खन, दोन्हीकडे त्याने तेच केले.

गिओनचा देव यासाका देवळातून जुलैच्या १७ तारखेला बाहेर पडतो. त्याच्या वाहनाला मिकोशी म्हणतात. लाखेने रंगवलेले, सोन्याच्या मुलाम्याचे, वर फिनिक्स पक्षी असलेले छोटे देऊळच ते. लांब दांड्यांवर खांद्याने उचलायचे. अशा तीन मिकोशी निघतात. त्या रात्री त्या शहराच्या मध्यावरच्या मुक्कामस्थानी, म्हणजे ओताबिशोत, टेकतात आणि २४ तारखेला परततात. तो आठवडा देव आपल्या घरी नसतो, तो भक्तांच्या वस्तीत पाहुणा असतो. आपल्याकडच्या पालख्यांच्या मुक्कामांशी हे इतके जुळते की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

देव येण्याआधी रस्ता शुद्ध करायचा, म्हणून सकाळी मोठमोठे रथ निघतात. त्यांना यामा आणि होको म्हणतात. मोठा होको २५ मीटरच्या आसपास उंच आणि १२ टनांपर्यंत वजनाचा असतो, आणि तो सांगाडा खिळ्यांशिवाय केवळ दोरखंडाने आवळून बांधलेला असतो. चाके वळत नाहीत. चौकात वळण घ्यायचे तर चाकांखाली ओल्या बांबूच्या फाळ्या पसरून, पाणी ओतून, दोरीने ओढून रथ घसरवतात. १७ जुलैच्या मिरवणुकीत २३ आणि २४ जुलैला ११ असे हे रथ निघतात. युनेस्कोने २००९ मध्ये या मिरवणुकीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. हे रथ देवळाचे नाहीत. प्रत्येक रथ एका मोहल्ल्याचा आहे. त्या रस्त्यावर राहणारे व्यापारी आणि कारागीर तो बांधतात, राखतात, त्याचा खर्च उचलतात. १४६७ ते १४७७ या काळात ओनिन युद्धाने क्योतो जळून खाक झाले. उत्सव बंद पडला, तो १५०० मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याच काळात इकडे दख्खनमध्ये अहमदनगर वसत होते. मोहल्ल्यांच्या हाती उत्सव गेला याचा पुरावा १५३३ चा. लढाईच्या धास्तीने शासनाने त्या वर्षीचे देवळाचे विधी थांबवायला सांगितले. तेव्हा शहरातल्या लोकांनी कळवले की देवकार्य थांबले तरी चालेल, रथ मात्र आम्हाला काढायचे आहेत. उत्सव कुणाचा, याचे एवढे स्पष्ट उत्तर इतिहासात क्वचितच मिळते.

पण मान म्हटला की भांडण आलेच. कुणाचा रथ पुढे, यावरून क्योतोत इतक्या चकमकी होत की १५०० च्या सुमारास चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायची पद्धत आणावी लागली. आजही २ जुलैला महापौरांच्या उपस्थितीत चिठ्ठ्या निघतात आणि १७ तारखेला मिरवणुकीच्या वाटेवर चिठ्ठी काढलेल्या रथांचे प्रतिनिधी आपली चिठ्ठी विधिपूर्वक दाखवतात. नागिनाता होको मात्र चिठ्ठीशिवाय नेहमी सर्वांत पुढे. आपल्या यात्रांमध्ये मानाच्या काठ्या, मानाच्या पालख्या आणि मानाच्या नारळावरून गावे विभागली गेली, खटले वर्षानुवर्षे चालले. चिठ्ठीचा हा साधा उपाय आपल्याकडे फारसा रुजला नाही याचे दुःख वाटते. ज्याला मान नाही त्याचे काय, हा प्रश्न त्याहून मोठा. गिओनच्या अनेक रथांवर बायकांना अजूनही चढू देत नाहीत. काही मोहल्ल्यांनी गेल्या काही दशकांत ती बंदी उठवली.

मान कसा मिळतो आणि तो कसा ओझे होतो, हे पाहायला भिंगारहून पाथर्डीच्या वाटेने मढीला जावे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, ऊन तापायला लागले की कानिफनाथांच्या गडावर यात्रा चालते. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. गोपाळ, कैकाडी, बेलदार, वैदू अशा कितीतरी जमाती इथे येतात. गाढवांचा बाजार भरतो, रेवडीचा प्रसाद मिळतो, आणि पैठणहून गोदावरीचे पाणी कावडीने आणून समाधीला स्नान घालतात. मढीची होळी पेटवण्याचा मान गोपाळ समाजाचा. गडाच्या बांधकामासाठी त्यांच्या पूर्वजांनी दगड वाहिले, म्हणून हा मान, असे ते सांगतात. गडाच्या बांधकामाची कथा पुन्हा भिंगारपाशी येते : शाहू मोगलांच्या कैदेतून सुटावेत म्हणून येसूबाईंनी कानिफनाथांना नवस केला होता आणि तो फळल्यावर गड बांधला गेला, अशी परंपरा आहे. नवसाचा भाग श्रद्धेचा. पण भिंगारच्या छावणीत औरंगजेब मेला तेव्हा शाहू आणि येसूबाई मोगलांच्याच ताब्यात होते, आणि उत्तरेकडे निघालेल्या आझमशाहाने त्याच उन्हाळ्यात, मे १७०७ मध्ये, शाहूंना सोडले, हा इतिहास आहे. येसूबाईंची सुटका व्हायला मात्र १७१९ साल उजाडावे लागले.

ज्यांना गावात घर नव्हते, शेत नव्हते, त्यांना मढीने वर्षातून एकदा हक्काची जागा दिली. दगड वाहणाऱ्याला होळीचा मान देणे यात न्यायाची एक भावना आहे आणि ती मोलाची आहे. त्याच यात्रेत जातपंचायती बसत, आणि पंचांच्या शब्दाने कुटुंबे वाळीत पडत. बायकांवर सर्वांत कठोर निवाडे होत. अनेक वर्षांच्या चळवळीनंतर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. मानाची काठी हातात असावी, पण तिने कुणाला हाकलू नये, एवढे तरी उत्सवाकडून मागायला हवे.

उन्हाळ्याच्या सणांचा दुसरा धागा पितरांचा. जपानमध्ये बहुतेक भागांत १३ ते १६ ऑगस्ट हे ओबोनचे दिवस. पूर्वज घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावतात, काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय करतात. येताना घोड्यावरून लवकर यावे, जाताना गायीवरून सावकाश जावे, ही त्यामागची माया. गावाच्या मोकळ्या जागेत बोनचे नाच होतात. १६ ऑगस्टच्या रात्री क्योतोभोवतीच्या पाच डोंगरांवर आगीची चिन्हे पेटवून पितरांना निरोप देतात. आपल्याकडे पितृपक्ष भाद्रपदात असला, तरी उन्हाळ्यातही पितरांची आठवण होतेच. अक्षय तृतीयेला कुंभाराकडून नवी मातीची केळी आणि करा आणून त्यात पाणी भरतात, वर आंबा किंवा खरबूज ठेवतात आणि पितरांना अर्पण करतात. कित्येक घरांत त्या दिवसापर्यंत आंबा तोंडाला लावत नाहीत. खानदेशात हाच सण आखाजी होऊन झोके आणि माहेरवाशिणींचा होतो. नगरसारख्या दुष्काळी मुलखात वैशाखात पितरांना गार पाण्याचे भांडे द्यावे, यापेक्षा अधिक योग्य नैवेद्य कोणता असणार?

गिओनमधला आणखी एक दुवा थेट दख्खनपाशी येतो. रथांच्या चारही बाजूंना जुने गालिचे आणि पडदे लटकवतात. सतराव्या-अठराव्या शतकांत क्योतोचे व्यापारी श्रीमंत झाले आणि आपला रथ शेजारच्या मोहल्ल्याहून देखणा दिसावा म्हणून परदेशी कापड मिळवण्यात चढाओढ लागली. जपानने बाहेरच्या जगाला दारे बंद केली होती, पण नागासाकीतून डच ईस्ट इंडिया कंपनीचा माल येई. त्यातून फ्लँडर्समधला सोळाव्या शतकातला विणलेला चित्रपडदा आला, पर्शियन आणि चिनी विणकाम आले, आणि हिंदुस्थानी गालिचे आले. त्यांपैकी कित्येक गालिचे दख्खनमध्ये विणले गेले असावेत, असे गालिच्यांच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. आपल्या देशात त्या काळचे असे गालिचे फार थोडे उरले. वापरात झिजले, विकले गेले. क्योतोत ते उरले, कारण वर्षातून थोडेच दिवस बाहेर निघत आणि बाकीचे दिवस मोहल्ल्याच्या कोठारात घडी करून ठेवलेले असत. आता बऱ्याच रथांवर नव्याने विणलेल्या प्रतिकृती लावतात आणि मूळ गालिचे जपून ठेवतात. हे काम क्योतोतल्या निशिजिनच्या विणकरांना दरवर्षी मिळते. भिंगारच्या मागांवरच्या लुगड्यांना असे वर्षाचे ठरलेले गिऱ्हाईक देवळांनी आणि यात्रांनी दिले असते, तर तो धंदा यंत्रमागापुढे इतक्या लवकर ढासळला नसता, असे मनापासून वाटते.

मिरवणूक संपली की त्याच दिवशी रथ सोडवायला घेतात. साथीची बाधा रथाने ओढून घेतलेली असते, ती रेंगाळू द्यायची नाही, अशी समजूत. दोरखंड कापतात, तुळया कोठारात जातात. बांबूच्या पानांचे चिमाकी नावाचे ताईत लोक वर्षभर दारावर टांगून ठेवतात. त्यांची कथाही जनकोजीच्या कथेची बहीण शोभेल अशी : वाटसरू होऊन आलेल्या देवाला सोमिन शोराई नावाच्या गरीब माणसाने आसरा दिला, तेव्हा देवाने त्याच्या वंशाला रोगापासून अभय दिले. चिमाकीवर आपण सोमिन शोराईचे वंशज असल्याचे लिहिलेले असते. दारात आलेल्या परक्या पोरीला वाढवणारा तेली आणि दारात आलेल्या वाटसरूला आसरा देणारा गरीब माणूस, दोघांच्या घराण्यांना मान मिळाला तो पाहुणचारामुळे.

मग २०२० मध्ये खरीच साथ आली. ज्या रोगराईच्या भयातून गिओन जन्मला होता, तिच्यामुळेच रथांची मिरवणूक रद्द झाली. मिकोशीऐवजी देवाचा वास असलेली साकाकी झाडाची फांदी पांढऱ्या घोड्यावर ठेवून नेली. २०२१ मध्येही मिरवणूक निघाली नाही. २०२२ च्या जुलैमध्ये रथ परत निघाले तेव्हा त्यांत ताका-यामा होता. १८२६ च्या वादळात तो मोडला होता, १८६४ च्या आगीत उरलेले बहुतेक भाग गेले होते, आणि त्याच्या मोहल्ल्याने वाचलेल्या मूर्ती दरवर्षी मांडून आपला हक्क १९६ वर्षे सोडला नव्हता. त्याआधी, २०१४ मध्ये, ओफुने होको हा नावेच्या आकाराचा रथ १५० वर्षांनी परतला होता.

महाराष्ट्रात मार्च २०२० पासून देवळांची दारे बंद होती. त्या वर्षीच्या मढीच्या यात्रेवर आणि पुढे नवरात्रावरही बंधने आली. तुळजापुरात भाविकांना प्रवेश नव्हता, विधी मात्र मोजक्या मानकऱ्यांच्या हातून पार पडले. दारे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि परत उघडली ती ७ ऑक्टोबर २०२१ ला. त्या दिवशी घटस्थापना होती, आणि बुऱ्हाणनगरची तिसरी माळ अवघ्या दोन दिवसांवर आली होती.